मुंबई–न्यूयॉर्क : अंतर साडेबारा हजार, वेळ किती?

मुलगा किंवा लेक अमेरिकेत असलेल्या घरात पहिल्यांदा तिकीट काढायची वेळ आली की दोन प्रश्न हमखास निघतात : अंतर किती, आणि विमान किती तासांत पोचतं? दोन्हींची उत्तरं फोनवर क्षणात मिळतात. मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर आहे. मोठं प्रवासी विमान तासाला साधारण ९०० किलोमीटर वेगानं उडतं. भागाकार केला की चौदा तास येतात. हा हिशेब दिसायला चोख आहे, पण प्रवास आखायला तो फारसा कामाचा नाही. मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जाणारं विमान साधारण साडेपंधरा-सोळा तास घेतं, परतीचं चौदा-साडेचौदा. अंतर तेच, विमान तेच, तरी येण्याजाण्यात दीड-दोन तासांचा फरक पडतो. आणि पुण्यातल्या घराचं दार ओढून घेतल्यापासून न्यू जर्सीतल्या घराची घंटा वाजवेपर्यंतचा वेळ मोजला तर तो पंचवीस-सव्वीस तासांच्या घरात जातो. म्हणून माझं म्हणणं असं आहे की लांबच्या हवाई प्रवासात किलोमीटर ही सर्वांत कमी उपयोगाची संख्या आहे. वेळ ठरतो तो वाऱ्यावर, कोणत्या देशाचं आकाश खुलं आहे यावर, मध्ये कुठे उतरायचं यावर, आणि विमानतळाच्या अलीकडच्या-पलीकडच्या रस्त्यावर. तिकीट निवडायचं तर दारापासून दारापर्यंतचे तास मोजून निवडावं, आणि पोचल्यावर शरीर ताळ्यावर यायला लागणारे दिवसही त्यात धरावेत.

आधी अंतराचंच पाहू, कारण तेही वाटतं तितकं सरळ नाही. भिंतीवरच्या नकाशात मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक ओलांडून जाते. पृथ्वीच्या गोलावर त्याच दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरा, तो भलतीकडूनच जाईल. मुंबईहून तो उत्तरेकडे किंचित डावीकडे झुकून निघतो. सिंधमधून अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान आणि कझाकस्तानचा पश्चिम भाग ओलांडून मॉस्कोच्या आणि सेंट पीटर्सबर्गच्या आसपास पोचतो. पुढे स्वीडन, नॉर्वेतलं ट्रॉन्डहाइम, आइसलँड, ग्रीनलँडचं दक्षिण टोक असं करत कॅनडावरून न्यूयॉर्कला उतरतो. साडेबारा हजार किलोमीटर हा आकडा या दोऱ्याच्या लांबीचा आहे. दोऱ्याला कुणाच्या परवानगीची गरज नसते, विमानाला असते. या वाटेवर पहिलाच देश पाकिस्तान येतो. २०१९ मध्ये बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर त्यानं आपलं आकाश फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत बंद ठेवलं होतं, आणि एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारतीय विमानांना ते पुन्हा बंद केलं. त्याचा सर्वांत मोठा फटका दिल्लीहून निघणाऱ्या विमानांना बसला. अमेरिकेकडे जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नासारख्या ठिकाणी उतरावं लागू लागलं. मुंबईच्या विमानांना अरबी समुद्रावरून पश्चिमेला सरकून मग उत्तरेला वळता येतं, त्यामुळे त्यांचं नुकसान तुलनेनं कमी. रशियाचं आकाश २०२२ पासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद आहे. त्याच सुमारास, मार्च २०२२ मध्ये, युनायटेड या अमेरिकी कंपनीनं न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कहून मुंबईला येणारी आपली सेवा थांबवली. मुंबई आणि न्यूयॉर्क आपापल्या जागीच होती, त्यांच्यामधला एक किलोमीटरही वाढला नव्हता, तरी एक अख्खी विमानसेवा गेली.

वाऱ्याची गोष्ट याहून बोलकी आहे. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे विमानं उडतात त्याच थरात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्यांचे पट्टे वाहतात. हिवाळ्यात त्यांचा वेग तासाला दोन-तीनशे किलोमीटरपर्यंत चढू शकतो. अमेरिकेकडे जाताना हा वारा तोंडावर येतो, परतताना पाठीशी असतो. फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर सियारा वादळ आलं तेव्हा न्यूयॉर्कहून निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं विमान ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोचलं. एरवी या प्रवासाला साडेसहा-सात तास लागतात. पण आपल्या मुद्द्यासाठी खरा पुरावा एअर इंडियाच्या दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानानं पुरवला आहे. हे विमान सुरुवातीला अटलांटिकवरून, सुमारे १३,९०० किलोमीटरच्या वाटेनं जायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीनं ते उलट दिशेनं, पॅसिफिकवरून नेलं. वाट १५,३०० किलोमीटरची झाली, म्हणजे तब्बल १,४०० किलोमीटर जास्त. तरीही विमान साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर. पृथ्वीला दुसरीकडून वळसा घालून जास्त अंतर कापायचं आणि लवकर पोचायचं, ही किमया निव्वळ पाठीवरच्या वाऱ्याची. एवढं कळल्यावर दोन शहरांमधल्या अंतराला ९०० नं भागून मिळालेल्या उत्तरावर कुणी विसंबू नये.

यावर कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, कंपनी तिकिटावर प्रवासाचा कालावधी छापतेच की. छापते, आणि तोच आकडा धरावा. पण तो वाचता यायला हवा. तो आकडा विमान फाटकापासून मागे सरकल्यापासून पलीकडच्या फाटकाला लागेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंतची रखडपट्टी त्यात धरलेली असते आणि उशीर झाकायला थोडी सैल मापंही घेतलेली असतात. सुटण्या-पोचण्याच्या वेळा मात्र त्या त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे असतात, आणि गोंधळ तिथेच होतो. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तिथली घड्याळं तासभर पुढे केलेली असतात, तेव्हा हा फरक साडेनऊ तासांवर येतो. समजा, जानेवारीत मुंबईहून रात्री दोनला निघालात आणि सोळा तास उडालात, तर न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी साडेसातला उतराल. कागदावर प्रवास साडेपाच तासांचा दिसेल. परतताना तिथून दुपारी बाराला निघून साडेचौदा तासांनी मुंबई गाठलीत तर इथे दुसऱ्या दिवशीचा दुपारचा एक वाजलेला असेल. कागदावर पंचवीस तास. खरा वेळ पडताळून पाहायचा एक सोपा मार्ग आहे. जाताना आणि येतानाचे हे दिसणारे तास एकत्र करा. साडेपाच अधिक पंचवीस म्हणजे साडेतीस. घड्याळांमधला फरक एकदा वजा आणि एकदा अधिक झाल्यानं आपोआप निघून जातो आणि दोन्ही प्रवासांचा मिळून खरा वेळ उरतो. मात्र मधल्या काळात तिथली घड्याळं बदलली असतील तर एका तासाचा फरक लक्षात ठेवावा. आणखी एक सावधगिरी, जिच्याकडे दुर्लक्ष झालं तर तिकीटच वाया जातं : मुंबईहून लांब जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख आणि वेळ ०१:३० असेल तर घरातून १४ तारखेला संध्याकाळी निघायचं असतं. मोबाइलमध्ये आठवण लावताना विमानाची वेळ लावू नका, घरातून निघायची वेळ लावा.

आता विमानाबाहेरचे तास. पुण्याहून सहार विमानतळापर्यंत घाट, पनवेल आणि मुंबईतली वाहतूक धरून चार तास राखून ठेवावेत. विमानतळावर तीन तास आधी पोचायचं. पलीकडे पासपोर्टची तपासणी आणि सामान मिळून तास-दीड तास सहज जातो. लेक न्यू जर्सीतल्या एडिसनच्या बाजूला राहत असेल तर केनेडी विमानतळावरून गाडीनं आणखी दीड तास. म्हणजे सोळा तासांच्या उड्डाणाला जवळपास दहा तासांचं शेपूट जोडलेलं आहे, आणि त्या दहा तासांचा साडेबारा हजार किलोमीटरशी काहीही संबंध नाही. याचा उलटा अर्थ असा की वेळ वाचवायचा असेल तर तो इथेही वाचवता येतो. एडिसनला जाणाऱ्यानं केनेडीपेक्षा नेवार्कला उतरलेलं केव्हाही बरं, रस्त्यावरचा बराच वेळ वाचतो. नागपूरहून किंवा पुण्याहून थेट आखातातल्या एखाद्या शहराला विमान मिळत असेल, तर आधी मुंबईला येऊन मग ‘थेट’ न्यूयॉर्कला जाण्यापेक्षा ते सोयीचं ठरू शकतं, कारण एक टप्पा घ्यायचाच आहे तर तो कुठे घ्यायचा एवढाच प्रश्न उरतो. विमानतळाचं नावही नीट वाचलं पाहिजे. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे. देशातलं जोडविमान तिथे उतरणार आणि परदेशी विमान सहारहून सुटणार असेल, तर मध्ये सगळं सामान घेऊन रस्त्यानं जावं लागेल. गोव्यात दाबोळी आणि मोपा यांचंही तसंच. न्यूयॉर्कमध्ये एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढचं विमान पकडायचं असलेली स्वस्त तिकिटं नवख्या माणसानं घेऊच नयेत.

वाटेत कुठे थांबायचं हा या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय, आणि अंतराचा आकडा इथेच सर्वांत जास्त फसवतो. मुंबई–लंडन ७,२०० किलोमीटर आणि लंडन–न्यूयॉर्क ५,५४० किलोमीटर. बेरीज साधारण १२,७४०. सरळ वाटेपेक्षा जेमतेम दोनशे किलोमीटर जास्त. दुबईमार्गे १,९३० आणि ११,०२० मिळून १२,९५०, म्हणजे सव्वाचारशे किलोमीटर जास्त. विमानासाठी हा अर्ध्या तासाचाही फरक नाही. तरी दारापासून दारापर्यंत चार-पाच तास, कधी त्याहूनही जास्त वाढतात, कारण उतरणं, पुन्हा सुरक्षा तपासणी, वाट पाहणं आणि पुन्हा चढणं याला वेळ लागतो. मग लंडन आणि दुबई यांत फरक काय? तो शरीराच्या दृष्टीनं मोठा आहे. दुबईमार्गे प्रवासाची फोड सव्वातीन आणि चौदा तास अशी होते. पहिला टप्पा इतका छोटा की झोप लागते न लागते तोच उतरायचं, आणि लांबलचक बैठक पुढे शिल्लकच. लंडनमार्गे ती साडेनऊ-दहा आणि आठ तास अशी होते. गुडघे, पाठ किंवा लघवीचा त्रास यामुळे ज्यांना सलग सोळा तास बसणं झेपणार नाही, त्यांनी थांबा घ्यावा, पण तो वाटेच्या मध्यावर, युरोपात घ्यावा. तिथे थांबताना संक्रमण व्हिसा लागतो का, हे तिकिटाआधी त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहावं. अमेरिकेचा व्हिसा असणाऱ्यांना पुष्कळ ठिकाणी सूट असते, पण गृहीत धरू नये.

थांबा किती वेळाचा असावा? माझ्या मते अडीच ते चार तास. दीड तासाच्या आतला थांबा संगणकाला चालतो, सत्तरीच्या माणसाला चालत नाही. सहा-सात तासांच्या पुढचा थांबा थकवा वाढवतो. अमेरिकेतच विमान बदलायचं असेल, उदाहरणार्थ न्यूयॉर्कहून पुढे पिट्सबर्गला जायचं असेल, तर पहिल्या अमेरिकी विमानतळावर पासपोर्ट तपासणी होते, सामान स्वतः उचलून सीमाशुल्कातून न्यावं लागतं आणि पुन्हा जमा करावं लागतं, मुंबईत त्यावर शेवटच्या शहराची चिठ्ठी लावलेली असली तरी. तिथे तीन तासांपेक्षा कमी ठेवू नयेत. अबुधाबीमार्गे गेलात तर ही अमेरिकी तपासणी अबुधाबीतच उरकते आणि अमेरिकेत तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे उतरता. तेव्हा तो थांबा तिथे मोठा ठेवावा. आणि सगळे टप्पे एकाच तिकिटावर असावेत, हा नियम मोडू नये. एप्रिल २०२४ मध्ये विक्रमी पावसानं दुबईचा विमानतळ काही दिवस विस्कळीत झाला. २३ जून २०२५ ला कतारनं आपलं आकाश काही तास बंद केलं आणि दोहाकडे निघालेली विमानं भलतीकडे वळवावी लागली. अशा वेळी एकाच तिकिटावर असलेल्या प्रवाशाला पुढे पोचवण्याची जबाबदारी कंपनीवर येते. दोन वेगळी तिकिटं जोडून पाच-दहा हजार वाचवलेल्याला दुसरं तिकीट बहुधा स्वखर्चानं काढावं लागतं.

एक आक्षेप खराखुरा आहे आणि तो टाळून चालणार नाही : अंतरावर इंधन ठरतं, इंधनावर भाडं, मग अंतराला महत्त्व नाही असं कसं म्हणता? इंधनाचं अंतराशी नातं आहेच, पण तेही सरळ नाही. सोळा तास न थांबता उडायचं तर पुढच्या तासांचं इंधन सुरुवातीपासून वाहून न्यावं लागतं, आणि ते वाहण्यासाठीच बरंच इंधन जळतं. शिवाय भाडं ठरतं ते मुख्यतः मागणीवर आणि स्पर्धेवर. जास्त किलोमीटर उडवणारं आखातमार्गे तिकीट थेट विमानापेक्षा स्वस्त असतं, हे कुणीही दर पाहून पडताळू शकतो. म्हणून भाड्याची तुलना किलोमीटरशी करू नका, तासांशी करा. थेट विमान अठरा हजारांनी महाग असेल आणि दारापासून दारापर्यंत सहा तास वाचवत असेल, तर वाचलेला तास तीन हजारांना पडला. पंचविशीतल्या विद्यार्थ्याला तो महाग वाटेल, आणि त्याचं बरोबर आहे. पहिल्यांदाच, एकट्यानं, इंग्रजी फारसं न बोलता जाणाऱ्या आईला मात्र मी तो महाग म्हणणार नाही, कारण तिच्यासाठी तीन हजारांत तासाबरोबर अनोळखी विमानतळावर चुकण्याची धास्तीही टळते. तिच्यासाठी चाकाच्या खुर्चीची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी. चालता येत असलं तरी नोंदवावी, कारण बरोबर माणूस मिळतो.

शरीराचा हिशेब शेवटी ठेवला, तरी तिकिटाच्या तारखा त्यावरच ठरवायला हव्यात. उडत्या विमानातली हवा नव्या विमानांतही सुमारे सहा हजार फूट उंचीवर असावी तितकी विरळ असते, म्हणजे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच कळसूबाई शिखर, १,६४६ मीटर, त्याच्याही वर. जुन्या विमानांत ती आठ हजार फुटांपर्यंत जाते. हृदयाचा किंवा श्वासाचा विकार असलेल्यांनी म्हणूनच डॉक्टरांना ‘अमेरिकेला जाऊ का’ असं न विचारता ‘या उंचीवर सोळा तास बसू का’ असं विचारावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकारानं झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, चार तासांपेक्षा जास्त बसून प्रवास केल्यास शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका जवळपास दुप्पट होतो असं दिसलं. निरोगी माणसात तो मुळात कमीच असतो, सुमारे सहा हजारांत एक. पण आधी गुठळी झालेल्यांनी, नुकती शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि गर्भवतींनी तो गंभीरपणे घ्यावा. कडेची जागा घ्यावी, दर तास-दोन तासांनी उठावं, पोटऱ्यांना आवळणारे मोजे घालायचे का हे डॉक्टरांना विचारावं.

मधुमेहाच्या औषधांचा मुद्दा तर निव्वळ वेळेचा आहे. हिवाळ्यात न्यूयॉर्कला जाता तो तुमचा दिवस साडेचौतीस तासांचा होतो, आणि परतता तो साडेतेरा तासांचा. ‘रोज सकाळी एक’ या सूचनेला त्या दोन दिवसांत अर्थ उरत नाही. इन्शुलिन घेणाऱ्यांनी विमानाच्या वेळा लिहिलेला कागद डॉक्टरांसमोर ठेवून मात्रा आणि वेळा ठरवून घ्याव्यात, आणि औषधं हातातल्या पिशवीत ठेवावीत, बॅगेत नाही. झोपेचंही असंच. माणसाचं आतलं घड्याळ चोवीस तासांहून किंचित मोठं असतं, त्यामुळे दिवस लांबवणं त्याला सोपं जातं आणि आखूड करणं अवघड. म्हणून बहुतेकांना जाण्यापेक्षा परतीचा प्रवास जड जातो, तो विमानात दोन तासांनी कमी असला तरी. ढोबळमानानं एका तासाच्या फरकाला एक दिवस लागतो. परतीच्या दुसऱ्याच दिवशी कामावर रुजू होणं, घरात कार्य ठेवणं किंवा पुण्याकडे स्वतः गाडी हाकत जाणं टाळावं. विमान दुपारी उतरत असेल तर त्या दिवशी संध्याकाळच्या उजेडात तासभर बाहेर फिरावं, दुपारी झोपायचंच असेल तर अर्ध्या तासाचा गजर लावावा, आणि पहिला आठवडाभर पहाटे तीनला भूक लागली तर काळजी करू नये.